प्रवेशापूर्वीची पारख

(सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त आयोजित पालक-विद्यार्थी मेळाव्यात झालेले भाषण)



पेठेत एक रीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. दोनशे रुपये मीटरचे कापड घ्यावयाचे असले तरी जाणते गिऱ्हाईक ठाण उलगडावयास लावते, दुकानाच्या पायरीवर उजेडात नेऊन पाहते, दोन बोटांत धरून पोत तपासते, रंग पक्का आहे का हे विचारते आणि मगच भावाचे बोलते. घडीवर दिसते ती नेहमी चांगलीच बाजू असते, हे त्याला पक्के ठाऊक असते. परंतु तेच गिऱ्हाईक पालक होऊन एखाद्या महाविद्यालयाच्या कार्यालयात जाते, तेव्हा मुलाची चार वर्षे आणि घरची आठ-दहा लाखांची पुंजी एका रंगीत माहितीपुस्तिकेच्या भरवशावर देऊन मोकळे होते. कापडाला लावलेली कसोटी मुलाच्या भवितव्याला का लागू नये, हा आजच्या विषयाचा गाभा आहे.

महाविद्यालयाची पारख ही पूर्वी एवढी निकडीची बाब नव्हती. जिल्ह्यात एखाददुसरे महाविद्यालय असे. गुणवत्ता यादीत नाव लागले की प्रश्न मिटे. १९८३ साली, वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना, महाराष्ट्रात विनाअनुदानित तत्त्वावर खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाली आणि चित्र पालटू लागले. घरापासून दूर न जाता तंत्रशिक्षण घेता येऊ लागले, हा त्या निर्णयाचा मोठा लाभ होय. मात्र महाविद्यालये वाढत गेली, तशा पुढे अनेक ठिकाणी जागा रिकाम्या राहू लागल्या. पूर्वी विद्यार्थी महाविद्यालयाच्या शोधात असे. आता महाविद्यालयही विद्यार्थ्याच्या शोधात असते. जेथे विक्रेता गिऱ्हाइकाच्या शोधात निघतो तेथे जाहिरात आली, मध्यस्थ आला आणि मध्यस्थाची दलालीही आली. उत्तम महाविद्यालयेही जाहिरात करतात; त्यामुळे जाहिरात हा दोष नव्हे. पण जाहिरातीवरून उत्तम आणि सुमार यांतील फरक कळत नाही, हे मात्र खरे.

मग तो कळावा कशावरून? प्रत्येक महाविद्यालय दोन भाषांत बोलत असते. एक भाषा फलकांवरची आणि माहितीपुस्तिकेतली. दुसरी भाषा नियामक संस्थांना लेखी द्याव्या लागणाऱ्या आकड्यांची. पहिली भाषा न मागता घरपोच येते. दुसरी शोधावी लागते, पण ती कुलूपबंद नाही, बहुतांशी खुली आहे. सुज्ञ पालकाने ही दुसरी भाषा वाचावी आणि मग स्वतः जाऊन ती डोळ्यांनी पडताळून पाहावी.

आरंभ मान्यतेपासून करावा. १९५६ च्या विद्यापीठ अनुदान आयोग कायद्यानुसार पदवी देण्याचा अधिकार विद्यापीठाला अथवा कायद्याने तसा अधिकार दिलेल्या संस्थेलाच आहे. तसा अधिकार नसताना विद्यापीठ म्हणविणाऱ्या बनावट संस्थांची यादी आयोग प्रसिद्ध करीत असतो आणि त्या यादीत महाराष्ट्रातील नावही आलेले आहे. अभियांत्रिकी व व्यवस्थापन शाखांसाठी अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषद, औषधनिर्माणशास्त्रासाठी भारतीय फार्मसी परिषद, विधी शाखेसाठी भारतीय विधिज्ञ परिषद, वैद्यकासाठी २०२० पासून राष्ट्रीय वैद्यक आयोग, अशा मान्यता देणाऱ्या संस्था ठरलेल्या आहेत. तंत्रशिक्षण परिषदेच्या मान्यतापत्रात प्रत्येक शाखेचे नाव आणि मंजूर जागा नमूद असतात. त्या पत्राची प्रत मागण्यात संकोच नसावा. ‘मान्यतेचा प्रस्ताव सादर केला आहे’ आणि ‘मान्यता मिळाली आहे’ या दोन वाक्यांत एका विद्यार्थ्याच्या पदवीएवढे अंतर आहे.

व्यापारी कुटुंबांतील अनेक मुले-मुली व्यवस्थापनाच्या पदवीकडे वळतात. त्यांनी एक बदल लक्षात घ्यावा. २०२४-२५ पासून बीबीए, बीएमएस, बीसीए हे अभ्यासक्रम तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेत आले आणि महाराष्ट्रात त्यांच्या प्रवेशासाठी २०२४ मध्ये प्रथमच सामाईक प्रवेश परीक्षा झाली. त्या वेळी काही महाविद्यालयांनी आपल्या अभ्यासक्रमाचे नाव बदलून तो वाणिज्य पदवीच्या अंतर्गत ‘मॅनेजमेंट स्टडीज’ या स्वरूपात चालू ठेवला. दोन्ही पदव्या विद्यापीठाच्याच असू शकतात. त्यात फसवणूक आहे असे नव्हे. परंतु पदवीपत्रावर नेमके कोणते शब्द छापले जाणार, हे पालकाने प्रवेशापूर्वी विचारलेच पाहिजे. पुढील शिक्षणासाठी अर्ज करताना ते शब्दच पाहिले जातात.

यानंतर येतात श्रेणी आणि मानांकने. राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषद, म्हणजे सर्वपरिचित ‘नॅक’, ही १९९४ साली स्थापन झालेली, बंगळुरू येथे मुख्यालय असलेली संस्था संपूर्ण महाविद्यालयाचे मूल्यांकन करते. त्याच साली तंत्रशिक्षण परिषदेच्या अंतर्गत सुरू झालेले आणि २०१० पासून स्वतंत्र झालेले राष्ट्रीय मानांकन मंडळ, म्हणजे ‘एनबीए’, एकेका अभ्यासक्रमाचे मानांकन करते. हा भेद महत्त्वाचा आहे. यंत्र अभियांत्रिकीला मिळालेले एनबीए मानांकन संगणक शाखेच्या विद्यार्थ्याला उपयोगी नाही, तरी प्रवेशद्वारावरील कमानीवर मात्र ते साऱ्या महाविद्यालयाचे भूषण म्हणून झळकते. पालकाने तीन प्रश्न विचारावेत : मानांकन कोणत्या शाखेला, कोणत्या वर्षी आणि किती मुदतीचे? नॅकची श्रेणी सामान्यतः पाच वर्षांसाठी दिली गेली आहे, तर एनबीएचे मानांकन तीन किंवा सहा वर्षांसाठी असते. मुदत उलटलेली श्रेणी मिरविणे हे शिळा माल ताजा म्हणून विकण्यासारखेच होय.

श्रेणीच्या अक्षरापेक्षाही मोलाची गोष्ट म्हणजे नॅकच्या तज्ज्ञ समितीचा अहवाल. त्यात शेवटी संस्थेची बलस्थाने, उणिवा, संधी आणि आव्हाने असा स्वतंत्र भाग असतो. बलस्थाने महाविद्यालय स्वतःच सांगेल. पालकाने उणिवांच्या ओळी वाचाव्यात. मात्र श्रेणी हा एक साक्षीदार आहे, न्यायाधीश नव्हे, याचेही भान असावे. २०२५ च्या फेब्रुवारी महिन्यात केंद्रीय अन्वेषण विभागाने लाचखोरीच्या आरोपावरून नॅकच्या एका तपासणी समितीतील सदस्यांना अटक केली, ही बातमी सर्वांनी वाचली असेल. एका प्रकरणावरून साऱ्या श्रेणी खोट्या ठरत नाहीत. पण एकाच साक्षीदाराच्या शब्दावर निकाल देऊ नये, हा धडा त्यातून घ्यावा.

आता सर्वांत आकर्षक विषय, नोकऱ्या. जाहिरातीत दोन आकडे मोठ्या अक्षरांत असतात : ‘९५ टक्के प्लेसमेंट’ आणि ‘सर्वाधिक पॅकेज ४० लाख’. पहिला आकडा कशाच्या प्रमाणात आहे हे लिहिलेले नसते. दुसरा आकडा एका विद्यार्थ्याचा असतो. उरलेल्या शेकडो विद्यार्थ्यांविषयी तो काहीही सांगत नाही. येथे एक सरकारी तक्ता उपयोगी पडतो. केंद्र शासनाने २०१५ मध्ये राष्ट्रीय संस्थात्मक क्रमवारी आराखडा, म्हणजे ‘एनआयआरएफ’, सुरू केला आणि २०१६ मध्ये पहिली क्रमवारी जाहीर झाली. क्रमवारीत किती क्रमांक मिळाला, यापेक्षा त्यासाठी महाविद्यालयाने सादर केलेली माहिती पालकाच्या अधिक कामाची आहे. भाग घेणाऱ्या महाविद्यालयांच्या संकेतस्थळांवर ही माहिती ठेवलेली असते. तिच्यात पहिल्या वर्षाच्या जागा किती, प्रत्यक्ष प्रवेश किती, ठरलेल्या मुदतीत पदवीधर किती झाले, नोकरी किती जणांना लागली, त्यांचे मध्यक वार्षिक वेतन किती आणि उच्च शिक्षणासाठी किती जण गेले, असे रकाने एका ओळीत असतात. मध्यक वेतन म्हणजे सर्व वेतने चढत्या क्रमाने मांडली असता बरोबर मधोमध येणारे वेतन. एका मुलाच्या ४० लाखांनी ते फुगत नाही.

एक कल्पित उदाहरण घेऊ. समजा, एका महाविद्यालयात ४८० जागा, प्रवेश घेतले ४०० जणांनी, चार वर्षांत उत्तीर्ण झाले २८०, त्यांतील १८० जणांना नोकरी मिळाली, ४० जण पुढे शिकावयास गेले आणि मध्यक वेतन चार लाख. जाहिरात म्हणेल, ‘नोंदणी केलेल्या १९० पैकी १८० जणांना नोकऱ्या, म्हणजे ९५ टक्के.’ त्यात असत्य काही नाही. पण प्रवेश घेतलेल्या ४०० जणांच्या हिशेबाने नोकरी लागली ४५ टक्क्यांना, आणि १२० विद्यार्थी चार वर्षांत पदवीधरच झाले नाहीत. दोन्ही आकडे खरे, पण घरातील मुलाचे काय होईल हे दुसऱ्या हिशेबातून कळते. ज्यांची हयात खतावणीवर गेली, त्यांना हा हिशेब शिकवावा लागू नये.

याच्या जोडीला आणखी तीन प्रश्न विचारावेत. एकाच विद्यार्थ्याला मिळालेल्या दोन-तीन नियुक्त्या वेगवेगळ्या मोजल्या आहेत काय? अभियंत्यांना मिळालेल्या नोकऱ्या अभियांत्रिकीच्या आहेत की केवळ विक्री प्रतिनिधीच्या? आणि नियुक्तीपत्र मिळालेले विद्यार्थी प्रत्यक्ष रुजू झाले काय? प्रामाणिक महाविद्यालयाला या प्रश्नांचा राग येत नाही. तेथील प्लेसमेंट अधिकारी शाखानिहाय यादी काढून समोर ठेवतो. ज्याला राग येतो, त्याने उत्तर दिल्यासारखेच आहे.

क्रमवारीच्या क्रमांकाविषयीही एक खुलासा आवश्यक आहे. या आराखड्याच्या अभियांत्रिकी गटात संशोधन व व्यावसायिक कार्याला ३० टक्के आणि लोकमानसातील प्रतिमेला १० टक्के भार दिलेला आहे. संशोधनाचे महत्त्व मोठे आहेच. पण पहिल्या वर्षाच्या वर्गावर गणित कोण शिकवितो, हे त्या क्रमांकावरून समजत नाही. त्यासाठी शिक्षकांची यादी पाहावी. पदवी अभियांत्रिकीसाठी तंत्रशिक्षण परिषदेने २० विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक हे प्रमाण ठरविलेले आहे. परिषदेच्या नियमानुसार महाविद्यालयांना जी माहिती जाहीर करावी लागते, तिच्यात शिक्षकांची नावेही येतात. यादीत शिक्षकाची पात्रता पाहावी आणि रुजू झाल्याची तारीखही पाहावी. निम्म्याहून अधिक शिक्षक गेल्या वर्षभरात रुजू झालेले दिसले, तर तेथे शिक्षक टिकत नाहीत हे उघड आहे. आणि जेथे शिक्षक टिकत नाही तेथे विद्या कशी टिकावी? एखाद्या शाखेच्या जागा अलीकडे एकदम वाढल्या असतील, तर त्या प्रमाणात शिक्षक आणि प्रयोगशाळा वाढल्या का, हेही विचारावे.

कट-ऑफविषयी थोडेसे. राज्याच्या सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाकडून केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेचे शाखानिहाय व प्रवर्गनिहाय कट-ऑफ प्रसिद्ध होतात. एका वर्षाचा आकडा पाहून थांबू नये. तीन वर्षांचे शेवटच्या फेरीचे आकडे शेजारी-शेजारी मांडावेत. सतत घसरणारा कट-ऑफ काही सांगत असतो. तरीही कट-ऑफ हे लोकप्रियतेचे माप आहे, अध्यापनाचे नव्हे. मोठ्या शहरातील महाविद्यालयाचा कट-ऑफ केवळ शहरामुळे चढू शकतो आणि आडगावच्या चांगल्या महाविद्यालयाचा केवळ अंतरामुळे उतरू शकतो. शिवाय पसंतीक्रम भरताना पहिल्या क्रमांकाला विशेष महत्त्व आहे. अभियांत्रिकीच्या २०२५-२६ च्या प्रक्रियेत पहिल्या फेरीत पहिली पसंती मिळाली की तीच जागा निश्चित होत असे आणि पुढील फेऱ्यांचा मार्ग बंद होत असे. म्हणून जे महाविद्यालय पाहिलेले नाही, ते पहिल्या क्रमांकावर लिहू नये.

आता पैशाचा हिशेब. महाराष्ट्रात देणगी घेऊन प्रवेश देण्यास १९८७ च्या कायद्याने मनाई आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये इनामदार विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यातही कॅपिटेशन फी अमान्य ठरविली. २०१५ च्या अधिनियमाने खासगी विनाअनुदानित व्यावसायिक महाविद्यालयांच्या शुल्कासाठी शुल्क नियामक प्राधिकरण नेमले. कोणत्या महाविद्यालयाला कोणत्या अभ्यासक्रमासाठी किती शुल्क मंजूर आहे, हे प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर पाहता येते. संस्थास्तरावरील जागासुद्धा गुणवत्तेनेच भरावयाच्या असतात. ‘पावती मिळणार नाही’ असे जेथे सांगितले जाते, तेथून पाय मागे घ्यावा. अभिमत विद्यापीठांचे प्रवेश व शुल्क या व्यवस्थेबाहेर असतात. तेथे अधिक बारकाईने चौकशी करावी.

पहिल्या वर्षाचे शुल्क म्हणजे शिक्षणाचा खर्च नव्हे. समजा, मंजूर शुल्क वर्षाला १ लाख ३० हजार, वसतिगृह व भोजन १ लाख आणि परीक्षा, पुस्तके, प्रवास मिळून ३० हजार. चार वर्षांचे १० लाख ४० हजार झाले. आता यात शासनाच्या योजनेचा विचार करावा. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेत वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या खुल्या प्रवर्गातील विद्यार्थ्याला व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण शुल्कापैकी निम्म्या रकमेचा लाभ मिळतो, पण त्यासाठी प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला असावा लागतो. मंजूर शुल्कापैकी शिक्षण शुल्क १ लाख १५ हजार धरले, तर चार वर्षांत २ लाख ३० हजारांचा फरक पडतो. २०२४-२५ पासून आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील, याच उत्पन्नमर्यादेतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्काची पूर्ण सवलत देण्यात आली. मध्यस्थाच्या सांगण्यावरून जूनमध्येच घाईने संस्थास्तरावरील जागा ‘पक्की’ करणाऱ्या पालकाला आपण काय गमावले हे पुष्कळदा दिवाळीनंतर समजते.

मूळ प्रमाणपत्रांच्या बाबतीतही सावध असावे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये स्पष्ट केले की, महाविद्यालयांनी मूळ प्रमाणपत्रे पडताळून विद्यार्थ्याला परत करावीत, ती अडकवून ठेवू नयेत. प्रवेश रद्द केल्यास शुल्क परत करण्याचे टप्पेही त्यात ठरवून दिले. आयोगाचा नियम ठाऊक असलेल्या पालकाशी कार्यालयातील माणूसही नियमाने बोलतो.

कागद वाचून झाले की पाय उचलावेत. महाविद्यालय पाहावयास जावे ते समारंभाच्या दिवशी नव्हे, तर सत्र चालू असताना, एखाद्या साध्या मंगळवारी वा बुधवारी, सकाळी अकराच्या सुमारास. त्या वेळी वर्गांत तास चालू आहेत की विद्यार्थी उपाहारगृहात बसले आहेत, हे पाहावे. प्रयोगशाळेतील यंत्रांवर हात लागल्याच्या खुणा आहेत की धूळ आहे, हे पाहावे. ग्रंथालयात पुस्तके किती आहेत यापेक्षा आठवड्यात किती घरी गेली, हे ग्रंथपालाला विचारावे. सूचनाफलक वाचावा, तेथे महाविद्यालयाचे खरे दैनंदिन जीवन लिहिलेले असते. वसतिगृहातील पाणी, स्वच्छता, रात्री आजारी पडल्यास कोण धावून येते, मुलींच्या वसतिगृहापासून बसथांब्यापर्यंतच्या रस्त्यावर दिवे आहेत काय, या गोष्टी माहितीपुस्तिकेत नसतात. शाकाहारी भोजनगृह स्वतंत्र आहे की एकाच स्वयंपाकघरात सर्व शिजते, सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्या विद्यार्थ्याला भोजन मिळू शकते की भोजनगृह रात्री आठलाच उघडते, हे प्रश्न समाजातील अनेक घरांना जिव्हाळ्याचे आहेत. ते प्रवेशानंतर नव्हे, आधीच विचारावेत.

सर्वांत खरी साक्ष तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांची. पहिल्या वर्षाचा विद्यार्थी अजून नवलाईत असतो आणि शेवटच्या वर्षाचा नोकरीच्या चिंतेत. तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याने सारे पाहिलेले असते. महाविद्यालयाने पुढे केलेल्या विद्यार्थ्याशी न बोलता, त्याच शाखेतील दोन-तीन मुलांशी फाटकाबाहेरच्या चहाच्या टपरीवर बोलावे. ‘महाविद्यालय कसे आहे?’ असे विचारू नये. ‘बरे आहे’ एवढेच उत्तर मिळेल. गेल्या आठवड्यात किती तास झाले नाहीत? गेल्या सत्रात किती शिक्षक सोडून गेले? निकाल वेळेवर लागतो काय? शुल्काखेरीज वर्षभरात आणखी काय भरावे लागले? आणि शेवटी, ‘धाकट्या भावाला येथे पाठवशील काय?’ हा प्रश्न विचारावा. उत्तरापूर्वी तो किती वेळ थांबतो, तेही ध्यानात घ्यावे. एक समाधानी आणि एक असमाधानी, असे दोघे भेटल्याखेरीज मत बनवू नये. असमाधानी विद्यार्थ्याची तक्रार सर्वांची आहे की त्याची एकट्याची, हे दुसऱ्याशी बोलल्यावर समजते.

येथे समाजापुरती एक गोष्ट स्पष्टपणे बोलली पाहिजे. शिक्षणसंस्था उभारण्याची समाजाची परंपरा मोठी आहे. कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये राहिलेल्या भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली. वसतिगृहे, विद्यालये, महाविद्यालये यांना दानशूरांनी हात दिला. त्याचा अभिमान योग्यच आहे. जानेवारी २०१४ मध्ये जैन समाजाला राष्ट्रीय पातळीवर अल्पसंख्याक म्हणून मान्यता मिळाली, आणि जैन अल्पसंख्याक दर्जा असलेल्या व्यावसायिक महाविद्यालयांत ५१ टक्के जागा समाजातील विद्यार्थ्यांसाठी असतात. त्यामुळे प्रवेश सुलभ होतो. मात्र तेवढ्यावरून शिक्षण उत्तम ठरत नाही. विश्वस्त ओळखीचे आहेत, अध्यक्ष नात्यातले आहेत, म्हणून तपासणीच नको, हा विचार ना विद्यार्थ्याच्या हिताचा, ना संस्थेच्या. आपल्या संस्थेला जे कठोर प्रश्न विचारतात, तेच तिला सुधारावयास लावतात. त्याचप्रमाणे नातलगाचा मुलगा अमुक ठिकाणी शिकून परदेशी गेला, हाही पुरावा नव्हे. तो गेला त्याला दहा वर्षे झाली. त्या वेळचे शिक्षक आज तेथे आहेत काय, हे पाहिले पाहिजे.

ही सारी खटपट कशासाठी, असे कुणाला वाटेल. चुकलेल्या निवडीची किंमत पैशाने मोजून संपत नाही, हे त्याचे उत्तर. दूरच्या महाविद्यालयात तास होत नाहीत, शिकविलेले कळत नाही, दोन विषय राहिले आहेत. पण वडिलांनी कर्ज काढून पाठविले आहे, आईने दागिने गहाण ठेवले आहेत, हे ठाऊक असलेला मुलगा दिवाळीला घरी येतो आणि ‘सर्व छान चालले आहे’ असे सांगतो. तो खोटे बोलत नसतो, घराला जपत असतो. एकोणिसाव्या वर्षी हे ओझे तो एकटा वाहतो आणि दोष महाविद्यालयाला नव्हे, स्वतःच्या बुद्धीला देऊ लागतो. मुलीच्या बाबतीत तर पुष्कळदा ‘नाही जमत तर परत ये’ एवढ्यावर तिचे शिक्षणच थांबते. प्रवेशापूर्वीच्या दोन दिवसांच्या चौकशीने हे टळणार असेल, तर ते दोन दिवस दुकान बंद ठेवणे परवडते.

वेळेचे नियोजनही सांगावयास हवे. निकाल लागल्यानंतर पसंतीक्रम भरण्यास मोजके दिवस मिळतात. त्या गर्दीत पारख होत नाही. अकरावीची परीक्षा झाली की आकड्यांचे वाचन करावे, बारावीच्या वर्षी महाविद्यालयांचे वर्ग भरलेले असताना एखाद्या दिवशी चार-पाच ठिकाणे प्रत्यक्ष पाहून यावे आणि एका वहीत प्रत्येक महाविद्यालयासाठी एक पान ठेवावे. त्या पानावर मान्यता, मानांकन व मुदत, प्रवेश आणि उत्तीर्ण यांचे आकडे, मध्यक वेतन, शिक्षकांची स्थिती, चार वर्षांचा एकूण खर्च आणि भेटीतील निरीक्षणे एवढे लिहावे. या कामात मुलाला वा मुलीला बरोबर घ्यावे, नव्हे, वही त्यांच्याच हातात द्यावी. जेथे चार वर्षे काढावयाची आहेत ते ठिकाण ज्याने स्वतः पारखून निवडले, तो अडचणी आल्या तरी तेथे धीराने उभा राहतो.

या ट्रस्टसारख्या संस्था वर्षानुवर्षे गरजू विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती देत आल्या आहेत. सुवर्णमहोत्सवी वर्षात त्याला एका कामाची जोड देता येण्यासारखी आहे. शिष्यवृत्ती घेणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने वर्षाअखेरीस आपल्या महाविद्यालयाविषयी एक पान लिहून द्यावे : तास नियमित झाले काय, शिक्षक कसे लाभले, शुल्काखेरीज किती भरावे लागले, वसतिगृह कसे आहे, धाकट्या भावंडाला पाठवील काय. नाव गुप्त ठेवून ही पाने कार्यालयातील एका नोंदवहीत राहावीत आणि कोणत्याही पालकास ती वाचावयास मिळावीत. यासाठी निधी लागत नाही, इमारत लागत नाही. लागते ती केवळ सातत्याची. पाच वर्षांत ही वही समाजातील पालकांच्या हाती कोणत्याही माहितीपुस्तिकेपेक्षा भरवशाचे साधन होईल. शिष्यवृत्ती एका विद्यार्थ्याचे शुल्क भरते. ही वही त्याच्यामागून येणाऱ्या अनेकांची वर्षे वाचवील.

निर्दोष महाविद्यालय कोठेही नाही, आणि निर्दोष महाविद्यालय शोधणे हा या पारखीचा उद्देशही नाही. ज्या उणिवा आहेत त्या आधी ठाऊक असाव्यात, त्या स्वीकारण्याजोग्या आहेत की नाहीत हे घरात बसून शांतपणे ठरवावे आणि मग निश्चिंत मनाने मुलाला निरोप द्यावा, इतकाच त्याचा हेतू आहे. उपस्थित विद्यार्थ्यांना मनाजोगते आणि विश्वासार्ह विद्यामंदिर लाभो, ही सदिच्छा.

जय जिनेंद्र!